मेजावरची परगावची लादी

खानदेशात दगडाला तोटा नाही. तापीकाठचा खोल गाळ सोडला, तर जळगाव-धुळ्याकडे थोडे खणताच काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक. धुळे-नंदुरबार भागात तर त्याच्या उभ्या भिंती रानातून दूरवर गेलेल्या दिसतात. असे असताना, जुन्या घरातल्या निजायच्या खोलीत सागवानी मेज आढळले, तर त्यावरची लादी मात्र पांढऱ्या संगमरवराची का असते?

घरोघर नळ नव्हते, तेव्हा विलायती धाटणीच्या खोलीत अशा मेजावर पाण्याचे भांडे आणि तस्त ठेवून तोंड धूत. पाणी सांडून लाकूड फुगू नये, म्हणून वर दगड. पण बेसॉल्टचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात आणि त्यात सलग थर नसतात. त्याचे जाते होते, पाटा-वरवंटा होतो. दोन सेंटिमीटर जाडीची लादी हाताने काढणे मात्र फार कष्टाचे. संगमरवरातील कॅल्साइटची कठीणता ३, तर वाळूतील क्वार्ट्झची ७. म्हणून बिनदाती लोखंडी पाते, वाळू आणि पाणी एवढ्यावर त्याच्या लाद्या कापल्या जात.

तो दगड मकराण्याहून येई, किंवा इटलीहून बोटीने मुंबईत उतरे. अशी जड आणि ठिसूळ वस्तू बैलगाडीने घाट चढवून आणणे सोपे नव्हते. १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी सुरू झाली आणि वाट सोपी झाली. धुळ्याला चाळीसगावचा फाटा १९०० मध्ये मिळाला.

आता ही लादी उचलून पाहू. (दोघांनी उचलावी! ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, २ जाड म्हणजे जवळजवळ २२ किलो.) बऱ्याच जुन्या मेजांत ती नुसती चौकटीवर टेकलेली असते, स्वतःच्या वजनानेच ती जागची हलत नाही. यात सुताराची हयगय नाही. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. वैशाखाच्या कोरड्या झळांपासून श्रावणाच्या दमट हवेपर्यंत ४५ सेंटिमीटर रुंदीची फळी तंतूंच्या आडव्या दिशेने काही मिलिमीटर हलते. तेवढ्याच रुंदीची लादी मिलिमीटरभरही हलत नाही. दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटवली, तर कोणाला तरी तडकावे लागते.

हल्ली दुरुस्तीच्या नावाखाली अशा लाद्या कडक होणाऱ्या डिंकाने पक्क्या बसवतात. आमच्या मते हे थांबवले पाहिजे. लादी डुगडुगत असेल, तर चौकट समतल करावी आणि खाली नमद्याचे तुकडे द्यावेत. कडेला काठपट्टी असल्यास तिच्या आत थोडी फट ठेवावी.

लादीवर कुठे खरखरीत, निस्तेज डाग दिसला, तर तिथे बहुधा लिंबू किंवा चिंच सांडलेली असते. आम्लाने कॅल्शियम कार्बोनेट विरघळते. वर्गात संगमरवराच्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकून बुडबुडे दाखवावेत. शेजारी अंगणातला काळा दगड ठेवावा, आणि तो स्वच्छ धुवावा. त्याच्या भेगांत चुन्याचे पांढरे खडे असतील, तर तोही फसफसेल.