कलम ११ची शाळा : ब्रिटनमधील वंशसंबंध-शिक्षणाचा वाद

नंदुरबारच्या आमच्या जुन्या घरात पत्र्याच्या एका पेटीत आत्याची पत्रे ठेवलेली होती. ती १९७४ साली नवऱ्यापाठोपाठ इंग्लंडला गेली आणि लेस्टर शहरात राहिली. आमच्या सीमेवरच्या गावात मराठी घरातही गुजराती सहज बोलले जाते. इकडे तिने शिक्षिकेची नोकरी केली होती. पण तिकडे तिच्या कामी आली ती पदवी नव्हे, ही गुजराती. युगांडातून इदी अमीनने हाकलून दिलेल्या आशियाई कुटुंबांपैकी अनेक लेस्टरमध्ये आली होती. १९७२ साली त्याच शहराच्या नगर परिषदेने युगांडातील वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, आमच्याकडे जागा नाही, इकडे येऊ नका, असे त्यांना कळवले होते. तरीही लोक आले. त्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवायला माणसे हवी होती, आणि आत्याला नोकरी मिळाली.

एका पत्रात तिने स्वतःचा उल्लेख ‘कलम अकराची बाई’ असा केला आहे. शाळेत सगळे तिला तसेच म्हणत. हे कलम कोणते, असा प्रश्न मला पडला तेव्हा मी तिशीत होतो. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. नोकरी सांभाळून, ग्रंथालये आणि रद्दीची दुकाने धुंडाळत जे वाचता आले ते वाचले. त्या एका कलमाचा माग काढताना मी सरकारी पैशातून चालणाऱ्या वंशसंबंध-शिक्षणाच्या वादापर्यंत पोहोचलो. या वादाबद्दल मी एकदा चुकीचेही लिहून बसलो आहे. हा लेख काही अंशी त्या चुकीची दुरुस्ती आहे.

पैसा कशासाठी आला?

१९६४च्या निवडणुकीत स्मेथविक या मतदारसंघात स्थलांतरितविरोधी प्रचाराच्या जोरावर हुजूर पक्षाचा उमेदवार निवडून आला आणि सत्तेवर येणाऱ्या मजूर पक्षाला धडकी भरली. पुढच्या दोन वर्षांत हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने तीन गोष्टी केल्या. १९६५ साली पहिला वंशसंबंध कायदा केला. त्याच वर्षी शिक्षण खात्याने परिपत्रक काढून, एका शाळेत स्थलांतरितांची मुले साधारण एक तृतीयांशाहून अधिक नसावीत, असा सल्ला दिला. साउथॉल, ब्रॅडफर्ड अशा ठिकाणी आशियाई मुलांना बसमध्ये घालून लांबच्या शाळांत पाठवण्याच्या प्रथेला या सल्ल्याने बळ मिळाले. तिसरी गोष्ट म्हणजे १९६६च्या स्थानिक शासन कायद्यातील कलम ११.

भाषा आणि रीतिरिवाज वेगळे असलेले राष्ट्रकुलातील स्थलांतरित ज्या भागात मोठ्या संख्येने आहेत, तिथल्या स्थानिक संस्थांना जादा कर्मचारी नेमण्यासाठी गृहखाते अनुदान देईल, अशी या कलमाची तरतूद होती. पगाराच्या खर्चातला हा वाटा सुरुवातीला निम्मा होता, पुढे ७५ टक्के झाला. पैसा शिक्षण खात्याचा नव्हता, गृहखात्याचा होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पोलीस आणि स्थलांतर सांभाळणारे खातेच शाळेतल्या बाईंच्या पगाराचा मोठा वाटा उचलत होते.

या रचनेत एक गृहीतक दडलेले होते. अडचण येणाऱ्या मुलात आहे. त्याची भाषा सुधारली की अडचण संपेल. त्याला वर्गात घेणारी शाळा, शेजारी बसणारे गोरे मूल आणि फळ्यापाशी उभा असलेला शिक्षक यांना काही शिकण्याची गरज आहे, असे या कायद्याला वाटत नव्हते. शिवाय या पदांवरची माणसे बढतीच्या मुख्य वाटेपासून बाजूला राहत. आत्या अनेक वर्षे एकाच जागी होती. वर्गाबाहेरच्या बोळात टेबल टाकून ती चार-चार मुलांना शिकवत असे.

बोट कुणाकडे?

ही दिशा बदलली ती आधी कॅरिबियन पालकांच्या संतापामुळे. १९७१ साली ग्रेनाडाचे बर्नार्ड कोर्ड या शिक्षकाने एक छोटी पुस्तिका लिहून दाखवून दिले की, कॅरिबियन मुलांना मतिमंद ठरवून वेगळ्या शाळांत धाडण्याचे प्रमाण अवाजवी आहे. पालकांनी पदरमोड करून शनिवारच्या शाळा चालवल्या. १९७६च्या वंशसंबंध कायद्याने भेदभाव दूर करण्याची आणि निरनिराळ्या वंशांच्या लोकांत चांगले संबंध वाढवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. १९७९ साली सरकारने अल्पसंख्य मुलांच्या शिक्षणाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष अँथनी रॅम्प्टन यांच्या १९८१च्या अंतरिम अहवालात, शिक्षकांच्या मनातला, बऱ्याचदा नकळत असलेला वंशविद्वेष हे मुले मागे पडण्याचे एक कारण असल्याचे म्हटले गेले. रॅम्प्टन यांना अध्यक्षपद सोडावे लागले. त्यांच्या जागी लॉर्ड स्वॉन आले आणि १९८५ साली अंतिम अहवाल निघाला. त्याचे नाव ‘सर्वांसाठी शिक्षण’. वंशसंबंधांचे शिक्षण गोऱ्या मुलांनाही द्यावे, जिथे एकही काळे किंवा आशियाई मूल नाही अशा शाळांतही द्यावे, हा त्याचा गाभा होता.

दरम्यान एप्रिल १९८१मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगल झाली. लॉर्ड स्कारमन यांच्या अहवालाने पोलिसांच्या प्रशिक्षणावर भर दिला. मग प्रशिक्षणाचे पीकच आले. जुडी कॅट्झ या अमेरिकन लेखिकेच्या १९७८च्या पुस्तकाच्या धर्तीवर ‘वंशविद्वेष जाणीव प्रशिक्षण’ सुरू झाले. नगरपालिकांचे कर्मचारी, शिक्षक, समाजसेवक यांना एक-दोन दिवस खोलीत बसवायचे आणि गोरे असल्यामुळे आपल्यात वंशविद्वेष कसा मुरलेला आहे, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचे, असे त्याचे ढोबळ स्वरूप होते.

दोन टोकांचे टीकाकार

या कार्यक्रमांवरची टीका एकाच बाजूने झाली, असा समज आहे. तो खरा नाही.

उजवीकडून आलेला सर्वांत गाजलेला टीकाकार म्हणजे ब्रॅडफर्डच्या ड्रमंड मिडल स्कूलचे मुख्याध्यापक रे हनीफर्ड. त्यांच्या शाळेत बहुसंख्य मुले आशियाई होती. १९८४ साली ‘सॅलिसबरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांनी बहुसांस्कृतिक शिक्षणावर हल्ला चढवला. अल्पसंख्य होऊन बसलेल्या गोऱ्या मुलांचा विचार कुणी करत नाही, आणि या विषयावर मोकळेपणाने बोलताच येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मात्र त्याच लेखात पाकिस्तानी पालकांबद्दल हेटाळणीचा सूर होता. पालकांनी निदर्शने केली, मुले शाळेतून काढून घेतली. हनीफर्ड निलंबित झाले, न्यायालयाच्या निर्णयाने परतले आणि १९८५च्या अखेरीस भरपाई घेऊन मुदतपूर्व निवृत्त झाले. एका बाजूला ते हुतात्मा ठरले, दुसऱ्या बाजूला खलनायक. ज्यांच्या आईवडिलांविषयी मुख्याध्यापकांनी तसे लिहिले, ती मुले दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर कशी बसली असतील, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या गदारोळात मागे पडला.

दुसरी टीका डावीकडून आली, आणि ती मला अधिक धारदार वाटते. अंबलवाणर शिवानंदन हे श्रीलंकेतून १९५८ साली इंग्लंडला आलेले तमिळ विचारवंत लंडनच्या वंशसंबंध संस्थेचे संचालक होते. १९८५ साली त्यांनी जाणीव-प्रशिक्षणाची चिरफाड केली. त्यांच्या मते वंशविद्वेष हा गोऱ्या माणसाच्या मनाचा आजार नव्हे. घर, नोकरी, पोलीस ठाणे आणि कायदा यांतून चालणारी ती सत्ता आहे. तिला मनोविकार ठरवून दोन दिवसांचे उपचार देणे म्हणजे लढ्याचे रूपांतर पापकबुलीत करणे. प्रशिक्षण घेणाऱ्याचे मन हलके होते. ज्याला भाड्याने घर मिळत नाही त्याची परिस्थिती होती तशीच राहते.

बर्नेजचे मैदान

१७ सप्टेंबर १९८६ रोजी मँचेस्टरमधील बर्नेज हायस्कूल या मुलांच्या शाळेच्या मैदानावर अहमद इक्बाल उल्ला या तेरा वर्षांच्या बांगलादेशी मुलाचा त्याच्याच वयाच्या गोऱ्या विद्यार्थ्याने सुरा भोसकून खून केला. लहान आशियाई मुलांना त्रास होत असताना अहमद त्यांच्या बाजूने मध्ये पडला होता. या शाळेचे वंशविद्वेषविरोधी धोरण होते. ते कागदावर होते आणि शिक्षकांच्या बैठकांतही होते.

नगर परिषदेने इयन मॅकडोनल्ड या वकिलांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. गस जॉन, रीना भवनानी आणि लिली खान हे तिचे इतर सदस्य. चौघेही वंशविद्वेषविरोधी कामातले. अहवाल तयार झाला, पण अब्रुनुकसानीच्या भीतीने परिषदेने तो पूर्ण छापायचे नाकारले. १९८८ साली त्यातले निष्कर्ष फुटले आणि वर्तमानपत्रांनी मथळे दिले : वंशविद्वेषविरोधी धोरणानेच मुलाचा बळी घेतला.

अनेक वर्षांनी या मथळ्यांवर आधारलेला एक लेख माझ्या वाचनात आला आणि त्याच्या भरवशावर मी एका मासिकात टिपण लिहिले. अशा सरकारी कार्यक्रमांनी उलट तेढ वाढते, खुद्द चौकशी समितीच तसे म्हणते, असे त्यात ठासून सांगितले. त्याला एक वैयक्तिक कारणही होते. माझ्या नोकरीत मला अशाच एका ‘संवेदनशीलता’ कार्यशाळेला बसवले होते. हजेरीपटावर सही केली, चहा-बिस्किटे झाली, वक्त्याने आम्हाला आमचे दोष सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात कुणाच्याही वागण्यात तसूभर फरक पडला नाही. त्या दिवसाचा राग मी बर्नेजवर काढला.

नंतर आतेभावाने १९८९ साली पुस्तकरूपाने निघालेला पूर्ण अहवाल मला पाठवला. तो वाचताना माझी मान खाली गेली. समितीने धोरण असल्याबद्दल दोष दिला नव्हता. ते ज्या रीतीने राबवले गेले त्याबद्दल दिला होता. खून वंशविद्वेषातून झाला, हे तिने निःसंदिग्धपणे सांगितले. मात्र शाळेने सगळ्या गोऱ्या मुलांना आणि पालकांना जणू जन्मजात आरोपी मानून बाजूला ठेवले. कामगारवर्गातली ती मुले, त्यांच्या घरची गरिबी, मुलांच्या शाळेतली दांडगाईची संस्कृती, यांतले काहीच धोरणाच्या कक्षेत आले नाही. वरून लादलेल्या, नैतिक उपदेशाच्या या पद्धतीवर समितीची टीका होती. तिची मागणी कार्यक्रम बंद करण्याची नव्हती. सर्व मुलांना, पालकांना आणि वस्तीला त्यात सामील करून घ्या, अशी होती. आपल्या निष्कर्षांचा विपर्यास झाल्याचे या चौघांनी त्याच वेळी जाहीरपणे सांगितले होते. माझ्यापर्यंत मथळा पोहोचला, खुलासा पोहोचला नाही. तो शोधण्याचे कष्ट मी घेतले नाहीत, हा दोष माझा.

मथळ्यांनंतर

मथळ्यांचे राजकारण तोवर सुरू झालेलेच होते. ऑक्टोबर १९८७च्या पक्ष अधिवेशनात मार्गारेट थॅचर यांनी वंशविद्वेषविरोधी गणिताची खिल्ली उडवली होती. त्याच वर्षी ड्यूजबरी येथे २६ मुलांच्या पालकांनी आशियाई मुलांचे बहुमत असलेली शाळा नाकारली आणि मुलांना एका पबच्या माडीवर शिकवले. या प्रयोगांत पुढे असलेली लंडनची महानगर परिषद १९८६ साली बरखास्त झाली होती. १९९० साली तिथले शिक्षण प्राधिकरणही गेले.

कलम ११ मात्र टिकले. राष्ट्रकुलाची अट १९९३ साली गेली. १९९९ साली शिक्षण खात्याचे नवे अनुदान त्याच्या जागी आले, आणि २०११ साली तेही शाळांच्या सर्वसाधारण निधीत मिसळून गेले. आता त्या नावाने राखून ठेवलेला पैसा नाही. फेब्रुवारी १९९९मध्ये स्टीफन लॉरेन्स या तरुणाच्या खुनाविषयी मॅकफर्सन अहवाल आला. त्यात पोलिसांतील संस्थात्मक वंशविद्वेष मान्य केला गेला, आणि राष्ट्रीय अभ्यासक्रमात वंशविद्वेष रोखण्याचे उद्दिष्ट असावे अशी शिफारसही झाली. स्वॉन यांनी चौदा वर्षांपूर्वी मांडलेला मुद्दा आणखी एका तरुणाच्या मृत्यूनंतर पुन्हा मांडावा लागला.

या सगळ्यातून मला जे दिसते ते असे. सरकारी पैशाला हिशेब लागतो आणि हिशेबाला मोजता येणारी गोष्ट लागते. किती पदे भरली, किती तास घेतले, किती सह्या झाल्या, हे मोजता येते. मैदानावर एक मूल दुसऱ्याला काय म्हणून हाक मारते, हे कोणत्याही तक्त्यात बसत नाही. म्हणून कार्यक्रम चटकन तक्त्याचा होतो आणि टीकाकाराला आयते कोलीत मिळते. पण तक्ता पोकळ आहे म्हणून गरजच खोटी, हे अनुमान चुकीचे आहे. तेच मी केले होते. शिवानंदन आणि मॅकडोनल्ड यांची टीका आतून होती. काम अधिक खरे व्हावे यासाठी होती. तिचा वापर काम थांबवण्यासाठी झाला, आणि त्यात माझ्या टिपणाचाही खारीचा वाटा आहे.

आत्याने निवृत्त होण्याच्या सुमाराच्या पत्रात लिहिले आहे की, शेवटच्या काही वर्षांत नव्या मुख्याध्यापिकेने तिचे बोळातले टेबल उचलून वर्गात आणले. मग तिचे गुजराती अंक आणि गोष्टी गोरी मुलेही शिकू लागली, आणि पालकसभेला दोन्हीकडच्या आया येऊ लागल्या. त्यासाठी जादा अनुदान लागले नाही. कुणाला तरी टेबल हलवावेसे वाटावे लागले. पण आत्याचा पगार त्या अनुदानातून आला नसता, तर हलवायला टेबलच नसते, हेही तितकेच खरे.

अहमदच्या नावाचे वंशसंबंधविषयक ग्रंथालय आज मँचेस्टरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आहे. बांगलादेशात सिल्हेट येथे त्याच्या आईच्या पुढाकाराने त्याच्या स्मरणार्थ शाळा उभी राहिली. आत्याची पत्रे मी आता क्रमाने लावून, झेरॉक्स काढून आतेभावाकडे पाठवली आहेत. त्यांची जागा लेस्टरमध्येच आहे.