आयुर्मानाचे पारडे

पुरुषाला ‘शतायुषी हो’ आणि नववधूला ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हे आपले परंपरागत आशीर्वाद. लोकसंख्येचे जुने तक्ते चाळताना या दुसऱ्या आशीर्वादाची किंमत माझ्या ध्यानात येते.

१९४१ ते १९५१ या दशकात भारतीय पुरुषाचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान ३२.४ वर्षे होते, स्त्रीचे ३१.७. याचा अर्थ माणसे तिशीत म्हातारी होत असा नव्हे. असंख्य बालके पाचवे वर्षही पाहत नसत, म्हणून सरासरी इतकी खाली येई. जगातील बहुतेक देशांत स्त्री पुरुषापेक्षा अधिक जगत असताना आपल्याकडे मात्र उलटे होते. १९७०-७५ मध्येही पुरुष ५०.५ आणि स्त्रिया ४९ असाच क्रम राहिला.

कारणे घरातच होती. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले खाणे, चुलीचा धूर, पाणी-सरपणाची पायपीट आणि या साऱ्यांवर एकामागून एक बाळंतपणे. मुलीच्या आजारपणात डॉक्टरकडे जायला उशीर होई, तो वेगळाच. स्त्रियांच्या स्थितीविषयी नेमलेल्या समितीने १९७४ च्या ‘समानतेकडे’ या अहवालात याकडे शासनाचे लक्ष वेधले. दर हजार पुरुषांमागे १९०१ मध्ये ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ मध्ये त्या ९३० च उरल्या होत्या.

१९८१-८५ मध्ये पारडे फिरले : पुरुष ५५.४, स्त्रिया ५५.७. फरक किंचित, पण अर्थ मोठा. १९७१ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी ५.२ अपत्ये होती, २०२० मध्ये २. लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २००१-०३ मध्ये ३०१ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. २०१६-२० च्या तक्त्यांत स्त्रियांचे आयुर्मान ७१.४ आणि पुरुषांचे ६८.६ आहे.

पुरुष मागे का पडला? निसर्गाने स्त्रीला काहीशी अधिक चिवट प्रकृती दिली आहे, हे खरे. पण सवयींचा वाटाही मोठा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३८ टक्के पुरुष तंबाखू सेवन करणारे आढळले, स्त्रिया ९ टक्के. २०२२ मध्ये आत्महत्या करणाऱ्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते. कर्ज, बेकारी, घरचा ताण मनात दाबून ठेवणे यालाच आपण पुरुषार्थ समजतो.

तथापि अधिक जगणे म्हणजे सुखाने जगणे नव्हे. त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, पुरुषांत २५ टक्क्यांना. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सरासरीचा मोह असतो. प्रशासकाने मात्र त्या वाढलेल्या वर्षांत किती दुखणी दडली आहेत, हेही मोजले पाहिजे. स्त्रीच्या ताटात काय पडते आणि पुरुष आपले दुःख कोणाजवळ बोलतो, हे प्रश्न दवाखान्यांच्या संख्येइतकेच आरोग्यधोरणाचे आहेत.