आवाजाचे अध्यापन : प्रा. बी. आर. देवधर

संगीताच्या इतिहासात गायकाचे स्थान मैफलीवरून ठरते. शिक्षकाची नोंद मात्र बहुधा शिष्याच्या चरित्रात होते. प्रा. बी. आर. देवधर (१९०१–१९९०) यांच्याबाबत हेच घडले. मिरजेत जन्मलेले देवधर पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. १९२५ साली त्यांनी मुंबईत ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ स्थापन केले. पारंपरिक तालमीत राग आणि बंदिश मिळे. आवाज ही दैवी देणगी मानली जाई, आणि अतिरेकी रियाजाने बसलेला गळा हे गायकाचे दुर्दैव! पाश्चात्त्य संगीताचेही शिक्षण घेतलेल्या देवधरांनी आवाज हाच स्वतंत्र अध्यापनविषय मानला व ‘आवाज साधना शास्त्र’ हा ग्रंथ लिहिला. प्रस्तुत लेखकाच्या मते हे त्यांचे मुख्य कार्य होय. त्यांच्या मैफलींची चर्चा येथे गौण ठरते.

१९३० च्या दशकाच्या मध्यास कुमार गंधर्व त्यांच्याकडे आले, तेव्हा हा मुलगा थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिकांची हुबेहूब नक्कल करीत असे. देवधरांनी त्याच्यावर आपली गायकी लादली नाही. विविध घराण्यांचे गायन त्याच्या कानांवर पडू दिले. घराण्याच्या रूढ निकषांवर असा गुरू बसत नाही. कुमारांच्या प्रौढ गायनात देवधरांची नक्कल शोधणाऱ्या अभ्यासकाच्या हाती फारसे काही लागत नाही.