सशांच्या बागेतलं फॉरवर्ड

हे चित्र तुमच्या व्हॉट्सॲपवर कधी ना कधी येऊन गेलं असेल. समुद्रकिनाऱ्यावर उडत्या तबकडीसारखी एक गोल वस्तू, शेजारी हातात चौकोनी पेटी धरलेली एक बाई आणि कडेला कोणालाच न लागणारी चार अक्षरं. खाली मजकूर ठरलेला: १८०३ साली जपानमध्ये परग्रहावरचं यान उतरलं होतं!

चित्र बनावट नाही, खरोखरच जुनं आहे. आणि ज्या लोकांमुळे ते आपल्यापर्यंत पोचलं, त्यांचा उद्योग आपल्यासारखाच होता. कुठे काही गमतीदार, विचित्र सापडलं की ते मित्रांना दाखवायचं.

१८२५ साल. तोक्योचं नाव तेव्हा एदो होतं. क्योकुतेई बाकिन हा त्या शहरातला अत्यंत लोकप्रिय कादंबरीकार. त्याची 'हाक्केन्देन' ही कादंबरी १८१४ मध्ये सुरू झाली आणि १८४२ मध्ये, १०६ भागांनंतर संपली. मधेच त्याची दृष्टी गेली, तेव्हा शेवटचा मजकूर त्याने सुनेला सांगून लिहून घेतला. या बाकिनने आणि यामाझाकी योशिशिगे नावाच्या औषधांच्या व्यापाऱ्याने मित्रमंडळी जमवून एक बैठक सुरू केली. महिन्यातून एकदा जमायचं आणि प्रत्येकाने ऐकलेली, वाचलेली एखादी अजब हकिकत लिहून आणून वाचून दाखवायची. नाव ठेवलं 'तोएनकाई', म्हणजे सशांच्या बागेची मंडळी. चिनी परंपरेत हलक्याफुलक्या, गावठी पोथ्यांना सशांच्या बागेचं नाव होतं. आपण काही थोर विद्वत्ता करत नाही, हे त्यांनी नावातच सांगून टाकलं. वाचलेल्या हकिकतींचा संग्रह म्हणजे 'तोएन शोसेत्सु'.

याच लोकांची दुसरीही एक बैठक होती, तिथे हकिकतींऐवजी जुन्या वस्तू आणायच्या. त्यांची चित्रं आणि टिपणं 'तान्की मानरोकु' या ग्रंथात आहेत. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात तो घरबसल्या, फुकट चाळता येतो. जपानी येत नसलं तरी चाळा, वेळ वाया जाणार नाही. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पाक्षिक सभांबद्दल वाचलं असेल, तर हे वातावरण ओळखीचं वाटेल. सापडलेला कागद घेऊन यायचा, वाचायचा आणि मग त्यावर वाद घालायचा.

वाद इथेही झाला, आणि कशावरून? तर नूडल्सच्या डब्यावरून! कोणीतरी 'केन्दोन' प्रकारचा जुना डबा आणला. केन्दोन हा मूळचा बौद्ध शब्द, अर्थ कंजूषपणा. एका मतानुसार, आग्रह न करता, एक वाडगा देऊन मोकळं होणाऱ्या दुकानांवरून तो खाण्याला चिकटला. (पंगतीतल्या आग्रहावर वाढलेल्या आपल्या लोकांना हे मत लगेच पटेल.) शब्दाच्या उगमावरून अठ्ठावन्न वर्षांचा बाकिन आणि त्याच्या निम्म्या वयाचा यामाझाकी असे काही भांडले, की मैत्री तुटली ती तुटलीच. व्हॉट्सॲप ग्रुप सोडून जाण्याचा प्रकार नवा नाही.

तबकडीची हकिकत सशांच्या बागेत आणली ती बाकिनच्या मुलाने. तो पेशाने वैद्य होता. हकिकत अशी: हिताची प्रांताच्या, म्हणजे आजच्या इबाराकीच्या किनाऱ्यावर कोळ्यांना एक गोल होडी दिसली. रुंदी सुमारे साडेपाच मीटर, वर काचेच्या खिडक्या, तळाला लोखंडी पट्ट्या. आत तांबड्या केसांची बाई. तिची भाषा कोणाला येईना, आणि हातातल्या पेटीजवळ ती कोणाला फिरकू देईना. गावातल्या म्हाताऱ्याने तर्क लढवला, की ही परदेशी राजकन्या असावी, व्यभिचारासाठी हाकललेली. पेटीत तिच्या प्रियकराचं मुंडकं असणार. सरकारात कळवावं तर चौकशीचा खर्च गावाच्या डोक्यावर. मग लोकांनी तिला पुन्हा होडीत बसवलं आणि होडी समुद्रात ढकलून दिली.

फॉरवर्डमध्ये हा शेवट सहसा नसतो. त्यापुढचं टिपण तर नसतंच. टिपणात म्हटलं आहे, की अशी अक्षरं उरागाजवळ आलेल्या इंग्रजी जहाजावरही होती, तेव्हा बाई इंग्लंडची, बंगालची किंवा अमेरिकेची असू शकेल. चित्र आणि वर्णन दोन्ही कच्ची आहेत, कोणाला अधिक माहीत असेल तर विचारायला आवडेल.

बंगाल कुठून आला? आपल्याकडे पेशवाई बुडाली त्याच १८१८ साली 'ब्रदर्स' नावाचं छोटं इंग्रजी जहाज उरागाला आलं होतं. त्याचा कप्तान पीटर गॉर्डन कलकत्त्याशी व्यापार करणारा. १८२४ मध्ये इंग्रज देवमाशांचे शिकारी याच हिताचीच्या किनाऱ्यावर उतरले. आणि १८२५ मध्ये, सशांची बाग भरत होती त्याच वर्षी, परदेशी जहाज दिसताच तोफा डागून हुसकावण्याचा सरकारी हुकूम निघाला. माझ्या मते ही हकिकत १८०३ पेक्षा १८२५ बद्दल जास्त सांगते.

भारताचा धागा याहूनही जुना आहे. हिताचीतच सोनेरी राजकन्येची दंतकथा सांगतात. तेंजिकु, म्हणजे भारतातली ही राजकन्या; सावत्र आईने तिचा चार वेळा छळ केला, म्हणून बापाने तुतीच्या लाकडाच्या पोकळ होडीत बसवून तिला समुद्रात सोडलं. ती हिताचीच्या किनाऱ्याला लागली, गावकऱ्यांनी सांभाळली, आणि मेल्यावर तिचे रेशीमकिडे झाले. किडा चार वेळा कात टाकतो ते त्या चार छळांमुळे. लोककथांचे थोर अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९२० च्या दशकातच अशा पोकळ होड्यांच्या कथा एकत्र ठेवून पाहिल्या आणि तबकडीवाली हकिकत रचलेली ठरवली. मला तोच निकाल पटतो, पण दोन कथांमधला एक फरक डोक्यातून जात नाही. दंतकथेतल्या गावाने तिला ठेवून घेतलं होतं.

टिपणातल्या त्या विचारणेला उत्तर मात्र मिळालं, जवळजवळ दोनशे वर्षांनी. गिफू विद्यापीठातले काझुओ तानाका वर्षानुवर्षं या हकिकतीच्या वेगवेगळ्या प्रती गोळा करत होते. त्यातल्या बहुतेक गावांची नावं नकाशावर सापडत नसत. २०१४ मध्ये पुढे आलेल्या एका प्रतीत नाव होतं हिताचिहारा शारिहामा, आणि ते इनो तादाताका यांच्या जुन्या नकाशावर निघालं. आजच्या कामिसु शहराचा हा किनारा. नारिताला विमान उतरतं तिथून तो फार लांब नाही.