अटक पोहोचते, निकाल वाटेत राहतो

१३ नोव्हेंबर १९५७. न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण कडेला, पेनसिल्व्हेनियाच्या सीमेजवळ वेस्टल नावाचं गाव आहे. तिथल्या एका मोटेलमध्ये राज्य पोलिस दलातला सार्जंट एडगर क्रॉसवेल न वटलेल्या चेकच्या चौकशीसाठी गेला होता. तेवढ्यात जोसेफ बार्बरा या स्थानिक व्यापाऱ्याचा मुलगा आला आणि बापाच्या पाहुण्यांसाठी खोल्या राखून ठेवायला सांगू लागला. बार्बरावर क्रॉसवेलची कित्येक वर्षांची नजर होती. तो तडक शेजारच्या अपलॅकिन गावातल्या बार्बराच्या घराकडे गेला, आवारात उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर त्याने टिपून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मोजक्या सहकाऱ्यांना घेऊन रस्त्यावर नाका लावला. पोलिस दिसताच पाहुण्यांची पळापळ झाली. काही गाड्यांत बसून नाक्यावर अडकले, काही उंची सूट आणि चकचकीत बूट घालून चिखलातून रानात शिरले. साठेक जणांची ओळख पटली. त्यांत व्हिटो जिनोव्हीज होता, कार्लो गॅम्बिनो होता, जोसेफ प्रोफाची होता. देशभरातल्या माफियाचे म्होरके एका छपराखाली जमले होते.

या छाप्यावर पुष्कळ पुस्तकं लिहिली गेली, सिनेमांतही तो येऊन गेला. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं कंटाळवाणं प्रकरण. ही माणसं कोण, असा प्रश्न न्यूयॉर्क राज्याच्या तपास अधिकाऱ्यांनी विचारला तेव्हा उत्तर एका जागी सापडेना. एका पोलिस ठाण्यात अटकेचा कागद, दुसऱ्या शहरात बोटांचे ठसे, तुरुंगाकडे वेगळी फाईल, पॅरोल खात्याकडे चौथी, न्यायालयाच्या दप्तरात पाचवी. माहिती होती, ढिगाने होती. पण एका कार्यालयाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. अपलॅकिनच्या वीस पाहुण्यांना पुढे कटाच्या आरोपाखाली शिक्षा झाली, पण नुसतं एकत्र जमल्यावरून कट सिद्ध होत नाही, असं म्हणत अपील न्यायालयाने १९६० मध्ये ती रद्द केली.

अमेरिकेत पोलिस, न्यायालय, सरकारी वकील, तुरुंग आणि पॅरोल खातं यांनी गुन्हेगारीविषयक माहिती एकमेकांना कशी द्यायची, हे सांगणारे राज्यांचे कायदे आहेत. आज ते प्रत्येक राज्यात सापडतात. त्यांच्या कुळाचा शोध घेताना अपलॅकिनचं हे रान ओलांडावंच लागतं.

पण मूळ पुरुष त्याहून जुने आहेत. कैद्याचं डोकं, हात, पाय मोजून त्याची ओळख पटवायची पद्धत पॅरिसच्या आल्फाँस बर्तियाँने काढली. न्यूयॉर्क राज्याने ती १८९६ मध्ये आपल्या तुरुंगांत आणली आणि ती कार्डं राजधानी ऑल्बनीत एकत्र ठेवायला सुरुवात केली. १९०३ मध्ये याच राज्याच्या तुरुंगांत बोटांचे ठसे घेतले जाऊ लागले. ठशांची ही विद्या आपल्याकडून गेलेली. बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेलने १८५८ मध्ये एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. पुढे कलकत्त्यात एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसवली आणि १८९७ मध्ये तिथे ठसे विभाग उभा राहिला. हेन्रीच्या नावाने ती वर्गवारी जगभर पोहोचली. हक आणि बोस यांचं श्रेय मान्य व्हायला बराच काळ जावा लागला.

१९२४ मध्ये वॉशिंग्टनला एफबीआयचा ओळख विभाग सुरू झाला तेव्हा त्याच्या हाती आठ लाखांहून अधिक ठसेपत्रिका आल्या. देशभरातून ठसे येत राहिले. मात्र ते पाठवायची सक्ती वॉशिंग्टन करू शकत नव्हतं. पोलिस हा विषय अमेरिकेत राज्यांचा. एखादा शेरीफ ठसे पाठवी, दुसरा पाठवत नसे. अटकेच्या वेळी ठसे गेले, तरी पुढे खटल्याचं काय झालं हे कळवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कुठेच पक्कं नव्हतं. त्यामुळे कार्डावर अटक असायची आणि निकालाची जागा कोरी. या कोऱ्या जागेभोवतीच पुढची सगळी कहाणी फिरते.

अपलॅकिननंतर राज्य तपास आयोगाचा मुख्य वकील म्हणून काम केलेला इलियट लम्बार्ड १९६१ मध्ये गव्हर्नर नेल्सन रॉकफेलरचा सल्लागार झाला. विखुरलेल्या फायलींचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. राज्यातल्या सगळ्या फौजदारी यंत्रणांसाठी एकच संगणकी भांडार करावं, ही कल्पना त्याने लावून धरली. १९६५ मध्ये विधिमंडळाने कायदा करून स्वतंत्र संस्था स्थापन केली. तिचं लांबलचक नाव आद्याक्षरांवरून ‘निसिस’ असं रूढ झालं. न्यूयॉर्क शहर पोलिसांतला वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट गलाटी तिचा पहिला संचालक. ही संस्था पोलिसांच्या ताब्यात नव्हती, न्यायालयाच्याही नव्हती. माहिती सगळ्यांची, तिचा राखणदार मात्र त्यांतला कोणीच नाही, ही रचना त्या काळात फार नवी होती.

निसिसच्या कामातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. एकाच माणसाच्या फायली जुळवायच्या तर नाव जुळायला हवं आणि न्यूयॉर्कमध्ये नावं जगभरातली. इटालियन, पोलिश, आयरिश, स्पॅनिश नावांचं स्पेलिंग प्रत्येक ठाण्यातला कारकून आपापल्या कानाने करी. यावर निसिसने नावाचा उच्चारावर आधारलेला एक सांकेतिक शब्द काढायची रीत बसवली. १९७० मध्ये ती रॉबर्ट टाफ्ट यांच्या अहवालात प्रसिद्ध झाली. नियम साधे आहेत. पहिल्या अक्षरानंतरचे सगळे स्वर ‘ए’ मानायचे, ‘के’चा ‘सी’ करायचा, ‘एम’चा ‘एन’, लागोपाठ आलेलं तेच अक्षर एकदाच धरायचं, शेवटचा ‘ए’ गाळायचा. आपलं कुलकर्णी हे आडनाव घ्या. कोणी ते रोमन लिपीत दोन्हीकडे ‘के’ घालून, पुढे ‘यू’ लिहितं. कोणा परक्या कारकुनाने दोन्हीकडे ‘सी’ आणि ‘यू’ऐवजी दोन ‘ओ’ घातले, तरी नियमांच्या चाळणीतून दोन्ही नावांचा संकेत अगदी तोच निघतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या नावाची किती रूपं सरकारी कागदांवर फिरतात हे चांगलं ठाऊक असतं. संस्था म्हणून निसिस १९७२ मध्ये राज्याच्या फौजदारी न्याय सेवा विभागात विलीन झाली. ही रीत मात्र जगभरच्या नाव जुळवणाऱ्या संगणक प्रणालींत अजून वापरात आहे.

दुसरी बाजू इथेच पुढे येते. वेगवेगळ्या नावांखालच्या फायली एका सपाट्यात जुळवणारं यंत्र दोन वेगळ्या माणसांनाही एक करू शकतं आणि अर्धवट नोंद शंभर ठिकाणी पोहोचवू शकतं. कॅलिफोर्नियातल्या एका प्रकरणाने हे देशापुढे आणलं. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये १९ वर्षांच्या एका मुलाला पोलिसांनी चोरीच्या संशयावरून पकडलं. दोन दिवसांनी, पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. आरोपपत्र नाही, खटला नाही. पण त्याचे ठसे आणि अटकेची नोंद एफबीआयकडे गेली आणि तिथेच राहिली. त्याने ती पुसून टाकण्यासाठी दावा लावला. १९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश गर्हार्ड गेसेल यांनी एफबीआयला अशा अटकेच्या नोंदी नोकरी देणाऱ्यांसारख्या बाहेरच्या लोकांना वाटण्यापासून रोखलं. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, लगेच तरतूद करून ते वाटप पुन्हा सुरू करून दिलं. अखेर १९७४ मध्ये अपील न्यायालयाने त्या मुलाची नोंद एफबीआयच्या गुन्हेगारी फायलींतून काढायला लावली. दोन दिवसांची कोठडी आणि नऊ वर्षांची झुंज.

दरम्यान एफबीआयने जानेवारी १९६७ मध्ये राष्ट्रीय गुन्हे माहिती केंद्राचा संगणक सुरू केला होता. त्यात सुरुवातीला चोरीच्या गाड्या, शस्त्रं, फरारी माणसं अशा नोंदी होत्या. संपूर्ण गुन्हेगारी इतिहास राज्याराज्यांत कसा फिरवायचा, हे तपासायला १९६९ मध्ये ‘सर्च’ नावाचा प्रकल्प निघाला. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, मिशिगन, मिनेसोटा, मेरीलँड आणि ॲरिझोना ही त्यातली पहिली सहा राज्यं, पैसा केंद्राचा. मला या प्रकल्पाबद्दल मनापासून आदर आहे. यंत्र जुळवायला बसलेल्या या माणसांनी यंत्राबरोबरच त्याचा धोकाही कागदावर मांडला. १९७० मध्ये त्यांनी गोपनीयतेवर स्वतंत्र अहवाल काढला आणि १९७१ मध्ये राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार केला. नोंद कोणाला पाहता येईल, ज्याची नोंद आहे त्याला ती वाचून चूक दुरुस्त करून घेता येईल का, कोणी कधी काय पाहिलं याचं टिपण कोण ठेवणार, हे सारे प्रश्न त्यात आले. या विषयावरच्या पुढच्या कायद्यांचा सांगाडा इथे तयार झाला.

या नमुन्यावर सर्वांत नेटाने उभं राहिलं मॅसॅच्युसेट्स. १९७२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने गुन्हेगारी नोंदींविषयीचा कायदा केला. तो आद्याक्षरांवरून ‘कोरी’ म्हणून ओळखला जातो. नोंदी पाहायची परवानगी कोणाला, हे ठरवायला मंडळ नेमलं. त्यावर लक्ष ठेवायला नागरिकांचा सहभाग असलेली परिषद नेमली. स्वतःची नोंद पाहण्याचा हक्क माणसाला दिला. त्यानंतर गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी १९७३ मध्ये जे केलं ते धाडसाचं होतं. एफबीआयच्या यंत्रणेत आमच्या नागरिकांच्या नोंदींना पुरेसं संरक्षण नाही, म्हणून आमचं राज्य तिला जोडलं जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. सार्जंट रिपब्लिकन आणि वॉशिंग्टनला सत्ताही रिपब्लिकन निक्सनची. केंद्राने राज्याला कोर्टात खेचलं आणि पुढे तो दावा मागे घेतला.

यानंतर केंद्राला नमतं घेऊन नियम करावे लागले. १९७३ च्या कायदादुरुस्तीने केंद्रीय अनुदानातून चालणाऱ्या नोंदप्रणालींवर अटी घातल्या. १९७५ मध्ये नियमावली आली, १९७६ मध्ये ती सुधारली गेली. पोलिस हा राज्यांचा विषय असल्याने हुकूम सोडता येत नव्हता, मग अनुदानाच्या दोरीने राज्यांना बांधून घेतलं: पैसा हवा असेल तर हे पाळा. या नियमांमुळेच सत्तरच्या दशकात एकामागून एक राज्यांनी आपापले कायदे केले. त्या नियमावलीतल्या एका कलमाकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. खटल्याचा निकाल लागल्यावर ९० दिवसांच्या आत तो राज्याच्या केंद्रीय नोंदीत आला पाहिजे, असं ते कलम सांगतं. ज्या अटकेतून शिक्षा झालेली नाही, तिची माहिती सर्रास वाटायलाही त्या नियमांनी आडकाठी घातली.

एवढं होऊनही कोऱ्या जागा भरल्या नाहीत. १९९१ मध्ये फिनिक्सला पोलिसांनी एकेरी रस्त्यावर उलट जाणाऱ्या एका माणसाला अडवलं. संगणकावर त्याच्या नावाचं वॉरंट दिसलं आणि त्याला अटक झाली. ते वॉरंट न्यायालयाने १७ दिवसांपूर्वीच रद्द केलेलं होतं. असं वॉरंट रद्द झालं की न्यायालयाच्या कारकुनाने शेरीफच्या कार्यालयाला फोन करून कळवायचं, अशी पद्धत होती. फोन केल्याची नोंद फाईलमध्ये नव्हती. झडतीत गांजा सापडला होता. १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो पुरावा चालेल असा निर्णय दिला, कारण चूक न्यायालयातल्या कारकुनाची, पोलिसांची नव्हे. न राहिलेल्या वॉरंटावर माणूस आत गेला आणि कायद्याने जबाबदारी कोणाच्याच पदरात टाकली नाही.

ही कहाणी मराठी वाचकापुढे मांडायला कारण आहे. पोलिस हा विषय आपल्याही राज्यघटनेत राज्यसूचीत आहे. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, जून २००९ मध्ये, केंद्राने देशभरातली पोलिस ठाणी एका जाळ्यात जोडण्यासाठी २,००० कोटी रुपयांचा ‘सीसीटीएनएस’ प्रकल्प मंजूर केला. आता पोलिस, न्यायालयं, तुरुंग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी अभियोक्ते हे पाच खांब एकमेकांना जोडायचं काम चालू आहे. हे जोडणं गरजेचं आहे. अपलॅकिनने ते १९५७ मध्येच दाखवून दिलं. पण १९२० चा जुना कायदा रद्द करून आलेल्या २०२२ च्या ओळख कायद्याने ठसे आणि इतर मापं ७५ वर्षं जपायला सांगितलं आहे. यापूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर, सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर आणि न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसेल तर, ती नोंद नष्ट करावी, असंही त्यात आहे. प्रत्यक्षात नियमांप्रमाणे त्यासाठी राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे विनंती जायला लागते. अटक आपोआप वर जाते आणि सुटकेसाठी अर्ज करावा लागतो. न्यायालयातून मोकळ्या झालेल्या मजुराला किंवा पारध्यांच्या तांड्यावरच्या पोराला हा अर्ज कोण लिहून देणार?

म्हणून या कुळातून एकच वारसा घ्यायचा असेल तर तो वेगवान संगणकाचा घेऊ नये. ९० दिवसांच्या त्या कलमाचा घ्यावा. निकाल लागला की तो मागायची वाट न बघता, अटकेच्याच वाटेने, त्याच वेगाने, जिथे जिथे अटक पोहोचली तिथे तिथे पोहोचवणं हे सरकारचं कर्तव्य आहे. राज्यांच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलं जावं, ते न पाळल्यास कोणता अधिकारी जबाबदार, हेही त्यात असावं आणि तोवर निकालाशिवायची कोणतीही अटक नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर जाऊ नये.