पन्नास पैशांची कुळकथा

युसूफ वडगाव हे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं गाव. महसूल खात्याच्या दप्तरात ते गावही आहे आणि मंडळही. आसपासच्या कितीतरी गावांचा पाऊस त्याच्या नावावर लिहिला जातो. दर खरिपात या गावाला आणखी एक आकडा मिळतो, पैसेवारीचा. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम. तो पन्नासच्या वर गेला की पीक बरं आलं असं सरकार धरतं. पन्नासच्या खाली आला की गाव अडचणीत आहे हे मान्य होतं. मग सारा सुटतो, पीककर्जाचं पुनर्गठन होतं, वसुली थांबते, कृषिपंपाच्या बिलात सवलत मिळते, पोरांची परीक्षा फी माफ होते. एकावन्न आणि एकोणपन्नास यांच्या मधे एवढं सगळं अडकलेलं असतं.

अंतिम आकडा जाहीर झाला की तो वस्तुस्थिती होतो. बँक तो मानते, तहसील मानते, वर्तमानपत्र छापतं, विधानसभेत तो वाचून दाखवला जातो. असा सर्वमान्य आकडा विश्वासाला पात्र आहे का, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. सोयरीक जुळवताना आपण कूळ विचारतो, तसं आकड्याचंही कूळ विचारावं लागतं.

पैसेवारी हे नाव नवं. मूळ नाव आणेवारी, आणि गावात अजूनही म्हातारी माणसं तेच म्हणतात. रुपयाचे सोळा आणे, म्हणून भरघोस पीक म्हणजे सोळा आणे. निम्मं आलं तर आठ आणे, पावच आलं तर चार आणे. बीड तेव्हा मोगलाईत, निजामाच्या राज्यात. तिथे चलन हाली सिक्क्याचं, पण त्या रुपयाचेही आणे सोळाच. १ एप्रिल १९५७ला देशात दशमान नाणी आली, आण्यांचे पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. मोजायची रीत जवळजवळ तीच राहिली.

पण असा आकडा काढायची गरज मुळात का पडली? जुन्या बटाईत ती नव्हती. पीक खळ्यावर यायचं, रास पडायची, सरकारचा हिस्सा राशीतून उचलला जायचा. रास लहान तर हिस्साही लहान. त्या पद्धतीत जुलूम होता, अंमलदारांची लूट होती, पण पीक किती आलं यावर वाद घालायला रास समोर असायची. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात हे बदललं. १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करून रोख सारा ठरवण्याची पद्धत बसवली, आणि तो तीस तीस वर्षं कायम राहू लागला. पुढे दिवाण सालारजंगाच्या कारभारात निजामाच्या मुलखानेही बटाई सोडून रोख साऱ्याची आणि मोजणीची वाट धरली. सारा ठरला, पाऊस मात्र ठरलेला नव्हता. वाईट वर्षी काय करायचं? सूट द्यायची तर पीक किती बुडालं ते सांगणारा आकडा हवा, आणि तो रास पडण्याआधी हवा. आणेवारी जन्मली ती इथे. साऱ्याची सूट द्यायची की नाही एवढंच तिला ठरवायचं होतं. आज कर्ज, वीज, परीक्षा फी, रोजगार हमी, सगळं तिच्या खांद्यावर आहे, आणि त्यासाठी तिला कुणी घडवलेलं नाही.

तिच्यावर पहिला मोठा खटका उडाला तो गुजरातेत. १९१८च्या खेडा सत्याग्रहाचा मुद्दा हाच होता. नियम असा की पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलं तर त्या वर्षाची साऱ्याची वसुली पूर्ण तहकूब व्हावी. शेतकरी म्हणत, चार आण्यांच्या आत आहे. सरकारी अंमलदार म्हणत, वर आहे. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर पाहणीला गेले. गांधीजींनी निःपक्ष चौकशी मागितली. ती मिळाली नाही, म्हणून सत्याग्रह झाला. मला या लढ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की मागणी तहकुबीच्या आधी फेरमोजणीची होती. आकडा सरकारचा असो की शेतकऱ्यांचा, तो पुन्हा काढून बघू, एवढंच म्हणणं होतं. त्याला नकार मिळाला त्याच क्षणी सरकारी आकड्याची पत गेली, मग तो कदाचित बरोबर का असेना.

नजरेने आणे ठरवण्यातला दोष दूर करायचं काम पुढे ज्यांनी केलं त्यांत दोन मराठी संख्याशास्त्रज्ञ आघाडीवर होते. एक डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. दुसरे विनायक गोविंद पानसे. १९४०च्या दशकात पानसे आणि त्यांचे सहकारी काळमकर यांनी वऱ्हाडात कापसावर, सुखात्म्यांनी उत्तरेत गव्हावर पीककापणीचे प्रयोग केले. तत्त्व साधं: शेत चिठ्ठी टाकल्यासारखं निवडायचं, त्यात ठरल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून, तोलायचं. कुणाच्या अंदाजाला जागाच ठेवायची नाही.

इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. सोयाबीनच्या वावरात माणूस नैर्ऋत्य कोपऱ्यातून पावलं मोजत आत शिरतो. कागदावर आलेल्या संख्येइतकी पावलं झाली की पहिली खुंटी. मग दुसरी, तिसरी, चौथी, आणि भोवती ताणलेली दोरी. दोरीवर नेमकं एक झाड येतं, शेंगांनी लगडलेलं. आत धरायचं की बाहेर? माणसाचा हात ते आत ओढतो. त्यात लबाडी नसते, भरलेलं झाड सोडवत नाही एवढंच. एक मीटर लांबी-रुंदीचा तुकडा असेल तर एका चौरस मीटरला चार मीटर दोरी पडते. दहा मीटरचा असेल तर शंभर चौरस मीटरला चाळीस, म्हणजे चौरस मीटरमागे अर्ध्या मीटरहून कमी. तुकडा जितका लहान तितकी काठावरची झाडं जास्त, आणि उत्पन्न तितकं फुगलेलं. सुखात्म्यांनी हे प्रयोगाने दाखवून दिलं आणि प्रशांतचंद्र महालनोबिसांसारख्या दिग्गज संख्याशास्त्रज्ञाच्या लहान तुकड्यांच्या पद्धतीशी जाहीर वाद घातला. काठावरचं एक झाड राष्ट्राचा धान्यसाठा फुगवू शकतं, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. पीककापणीच्या आकड्यावर माझा जो काही विश्वास आहे तो या भांडणामुळे आहे. आपली चूक कुठल्या बाजूला झुकते ते या पद्धतीने स्वतःच शोधून काढलं.

पैसेवारीतही आज पीककापणी होते. गावच्या समितीत तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, सरपंच, शेतकरी असतात. हलक्या, मध्यम आणि चांगल्या जमिनीतले तुकडे घ्यायचे असतात. ते कागदावर किती आणि वावरात किती होतं, ते प्रत्येक गावाला आपापलं ठाऊक असतं. पण समजा सगळं चोख झालं. आलेलं वजन घेतात, त्याला प्रमाण उत्पन्नाने, म्हणजे शंभर पैसे धरलेल्या पिकाने, भागतात, शंभराने गुणतात. हंगामभर सगळ्यांचं लक्ष वजनाकडे असतं, भाजकाकडे कुणी बघत नाही. समजा एकरी साडेसहा क्विंटल सोयाबीन निघालं. प्रमाण उत्पन्न बारा धरलं असेल तर पैसेवारी चोपन्न, म्हणजे गाव सुखात. चौदा धरलं असेल तर सेहेचाळीस, म्हणजे गाव संकटात. वावर तेच, पाऊस तोच, वजन तेच. बदलला तो कचेरीत ठरलेला आकडा, आणि तो ठरवताना शेतात कुणी खुंटी रोवलेली नसते.

विम्यातही भाजकाचं दुखणं आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत ज्याच्या तुलनेत नुकसान मोजतात ते उंबरठा उत्पन्न मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून काढतात. दोन वाईट वर्षं गळतात, हे ठीक. पण २०१२ ते २०१८ या सात वर्षांत मराठवाड्यात २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८ अशी चार वर्षं दुष्काळाची होती. दोन गळली तरी दोन सरासरीत राहिलीच. जिथे दुष्काळ पुन्हा पुन्हा येतो तिथे उंबरठाच खाली सरकतो, आणि ज्याचं सगळ्यात जास्त बुडतं त्याचं बुडणं कागदावर कमी दिसतं. हा अन्याय आहे, आणि तो करायला कुणी वाईट माणूस लागत नाही.

आपल्याकडे याहून मोठी गोष्टही झालेली आहे. १९६३ साली महाराष्ट्राने कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकला. आता तशी वेळ येणार नाही, असं मानलं गेलं. नऊ वर्षांनी १९७२चा दुष्काळ आला. बीडमध्ये ज्यांनी त्या वर्षी दुष्काळी कामांवर खडी फोडली, ती माणसं अजून गावोगाव आहेत.

२०१६ साली केंद्राने दुष्काळ व्यवस्थापन संहिता आणली आणि पुढच्या वर्षी राज्याने तिच्याप्रमाणे निकष बदलले. आता पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारा पिकांचा हिरवेपणा यांवरून तालुके निवडले जातात आणि मग निवडक गावांत सत्यमापन होतं. पैसेवारीही दरवर्षी निघतेच. ऑक्टोबर २०१८च्या दुष्काळी तालुक्यांच्या यादीत बीडचे अकराही तालुके होते. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात बीडचे वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते, केज नव्हता. केज आणि अंबाजोगाई हे शेजारी तालुके. त्यांच्या शिवेवरच्या बांधाला अलीकडे दुष्काळ आणि पलीकडे नाही, अशी स्थिती झाली. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात पावसाच्या निकषावर हजाराहून अधिक महसूल मंडळांना दुष्काळसदृश मानलं गेलं. उपग्रह खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. हिरवेपणा तालुक्याचा मोजला, नुकसान मात्र वावराचं होतं. वावरातल्या हिरव्यागार सोयाबीनला शेंगाच धरलेल्या नसतात, हे आकाशातून कसं कळावं?

म्हणून सगळे आकडे फेकून द्या असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आकडा नसला की तहसीलदाराची मर्जी उरते, आणि ती कुणाला पावते ते आपल्याला माहीत आहे. ज्या आकड्याची मोजणी दुसऱ्या कुणालाही पुन्हा करता येते, तो मी मानतो. ज्याचा भाजक विचारल्यावर कचेरीत शांतता पसरते, तो मी अंतिम या शिक्क्यासकट नाकारतो. पैसेवारीत वजनाचा भाग बराचसा तपासता येतो. भाजक चावडीवर लावलेला मी कधी पाहिला नाही.

अंतिम होण्याआधीची हंगामी पैसेवारी निघाली की हरकती मागवतात, आणि मुदत थोडी असते. युसूफ वडगाव असो की तुमचं गाव, त्या मुदतीत तलाठ्याकडे जा आणि लेखी विचारा: कापणी कोणत्या गट नंबरांत झाली, प्रत्येक तुकड्यात वजन किती भरलं, आणि प्रमाण उत्पन्न किती धरलं, कोणत्या आदेशाने. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. डिसेंबरात आकडा अंतिम झाला की वावरात नांगर फिरलेला असतो आणि पुन्हा मोजायला काही उरत नाही.