कुत्र्यांची रक्ततपासणी

कुत्र्याच्या रक्ताचा नमुना तपासून आजाराचे निदान करणे, उपचाराचा परिणाम पाहणे किंवा शस्त्रक्रियेपूर्वी भूल सोसेल की नाही याचा अंदाज घेणे, यासाठी केली जाणारी तपासणी. रक्त बहुधा पुढच्या पायाच्या शिरेतून, लहान पिल्लांत मानेच्या शिरेतून काढतात. पेशी मोजायच्या असल्यास ते ईडीटीए असलेल्या जांभळ्या बुचाच्या नळीत घेतात आणि नळी लगेच हलक्या हाताने खालीवर करतात. यात हयगय झाली की रक्त बारीक गुठळ्या धरते, बिंबाणू (प्लेटलेट) त्यांत अडकतात आणि यंत्र धडधाकट कुत्र्याच्या बिंबाणूंचा आकडा भलताच कमी दाखवते. म्हणून असा आकडा आला की आधी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, औषधाचे नंतर ठरवावे.

निरोगी कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण (पीसीव्ही) साधारण 37 ते 55 टक्के आणि बिंबाणू दर मायक्रोलिटरमागे सुमारे 2 ते 5 लाख असतात. ग्रेहाउंडमध्ये मात्र तांबड्या पेशी उपजतच जास्त आणि बिंबाणू कमी असतात. त्याच्या अहवालाला इतर जातींचा मापदंड लावला तर निरोगी जनावर आजारी ठरते. माणसांच्या पॅथॉलॉजीत नमुना देण्याची रीत लहान गावांत सर्रास दिसते. तिथले यंत्र माणसाच्या पेशींच्या आकारावर बेतलेले असते आणि कुत्र्याची तांबडी पेशी त्याहून लहान असते, त्यामुळे अशा अहवालातील पेशींचे आकडे बेताने घ्यावेत.

महाराष्ट्रात रक्ततपासणीचे एक नेहमीचे कारण म्हणजे ‘टिक फीवर’, अर्थात गोचीड ताप. हा एक आजार नाही. गोचिडांतून येणाऱ्या अनेक आजारांना मिळून पडलेले ते बोलीतले नाव आहे. त्यांपैकी एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू 1935 मध्ये अल्जीरियात प्रथम नोंदला गेला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचे अनेक जर्मन शेफर्ड त्याने दगावले, तेव्हा जगाचे त्याकडे लक्ष गेले. तो पांढऱ्या पेशींत तुतीच्या फळासारखा पुंजका करून राहतो, पण काचपट्टीवर क्वचितच सापडतो. घसरलेले बिंबाणू हीच बहुधा त्याची पहिली खूण.

गोचीड तापाच्या आणखी दोन कारणांचा इतिहास भारतातला आहे. हेपॅटोझून कॅनिस हा परजीवी जेम्स यांनी 1905 मध्ये भारतातच वर्णन केला. तो गोचीड चावल्याने नव्हे, तर कुत्र्याने गोचीड गिळल्याने होतो. अंग चावून गोचीड काढणारे कुत्रे तो असा स्वतःच ओढवून घेते. बॅबेशिया गिब्सोनाय 1910 मध्ये पॅटन यांना मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात आढळला आणि पुढे कोल्ह्यांतही दिसला. तांबड्या पेशीत बसलेला हा ठिपका इतका लहान असतो, की रंगद्रव्याचा कण आणि परजीवी यांत नवख्या नजरेची फसगत होते. शिरेतल्या रक्तापेक्षा कानाच्या टोकाला सुई टोचून घेतलेल्या थेंबात बॅबेशिया सापडण्याची शक्यता जास्त. थेंब पातळ पसरवून लिशमन किंवा गिम्साने रंगवतात. हे काम स्वस्त आहे आणि चांगल्या नजरेखेरीज फारसे काही मागत नाही. दुर्दैवाने आता पट्टीचाचणीच्या नादात ते मागे पडत चालले आहे.

पट्टीचाचणी बहुधा प्रतिपिंडे दाखवते. आजार बरा झाल्यावरही ती महिनोन्महिने रक्तात टिकतात आणि आजाराच्या पहिल्या दिवसांत नसतातही. त्यामुळे निव्वळ दोन रेघा पाहून डॉक्सिसायक्लीन सुरू करणे हे निदान नव्हे. पीसीआर चाचणी जंतूचा जनुकीय अंश शोधते. तिचा नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी घ्यावा लागतो.

जीवरासायनिक चाचण्यांत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मूत्रपिंडाचे सुमारे तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनीन वाढत नाही, म्हणजे ‘नॉर्मल’ क्रिएटिनीन हा निर्वाळा नव्हे. सोबत लघवीची घनता पाहावी. दुसरे, स्टेरॉइडमुळे कुत्र्याच्या यकृतात अल्कलाइन फॉस्फेटेजचा एक खास प्रकार तयार होतो. खाजेसाठी दिलेले इंजेक्शन मालकाने सांगितले नाही, तर पशुवैद्य यकृताचा आजार शोधत बसतो.

मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना 1886) आणि त्याच आवारातील, ‘बैलघोडा’ म्हणून ओळखले जाणारे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय ही पशुवैद्यकशास्त्राची जुनी ठिकाणे.

रेबीजचे निदान जिवंत कुत्र्याच्या रक्तावरून होत नाही; मृत्यूनंतर मेंदूचा नमुना तपासावा लागतो. रक्तातून कळते ती लसीने आलेली प्रतिकारशक्ती. भारतातून युरोपीय संघात कुत्रे न्यायचे असल्यास तिचे प्रमाण मिलिलिटरमागे किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते. नमुना लसीनंतर किमान 30 दिवसांनी घ्यायचा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचा. नमुना घेतल्यापासून तीन महिने उलटल्याखेरीज प्रवेश मिळत नाही. परदेशी बदली झालेल्या अनेक कुटुंबांना हे तिकीट काढल्यावर कळते.